आवाजाची वायर कोणाची?

आजचा विकांताचा लेख जरा आपल्या धंद्यातला आहे. पण घाबरू नका, कोडची एकही ओळ नाही.

एक साधा प्रश्न घ्या. संगणकावर एका खिडकीत गाणं वाजतंय. शेजारच्या खिडकीत रेकॉर्डिंगचा प्रोग्रॅम उघडलेला आहे. दोघंही एकाच मशीनवर, एकाच रॅममध्ये, मांडीला मांडी लावून बसलेले. पहिल्याचा आवाज दुसऱ्याला द्यायचाय. किती वेळ लागावा? मजकूर एका खिडकीतून उचलून दुसरीकडे डकवायला दोन सेकंद लागतात. फोटोही तसाच जातो. आवाजाच्या बाबतीत मात्र, हा उद्योग ज्याने केलाय तो सांगेल, अख्खा रविवार सहज जातो. मग घोडं नक्की कुठे पेंड खातं?

काहीतरी तांत्रिक भानगड असणार असं मला वाटलं होतं. ती आहेच. पण खोदत गेलो तसं दिसलं की तांत्रिक भानगडी बऱ्याचशा सुटल्या आहेत, आणि उरलेला प्रश्न वेगळाच आहे. तिथपर्यंत पोचायला थोडा इतिहास लागेल.

लॅपटॉपला हेडफोन लावायचं जे भोक असतं (नव्या फोनवाल्यांनी ते फक्त आठवून बघावं!), त्याचं घराणं टेलिफोनचं. १८७८ मध्ये अमेरिकेत न्यू हेवनला पहिलं व्यापारी टेलिफोन एक्स्चेंज सुरू झालं. १८८२ मध्ये ते मुंबईतही आलं. या एक्स्चेंजांत जी पद्धत रुळली ती जुन्या सिनेमांत तुम्ही पाहिली असेल. समोर भोकांनी भरलेला मोठा बोर्ड, प्रत्येक भोक म्हणजे एक गिऱ्हाईक. ऑपरेटरच्या हातात दोन्ही बाजूंना पिन असलेली वायर. एक टोक या भोकात, दुसरं त्या भोकात, की झालं कनेक्शन! त्या भोकाला नाव पडलं जॅक.

पुढे रेडिओ आणि रेकॉर्डिंग स्टुडिओ उभे राहिले तेव्हा तिथली बरीच यंत्रं टेलिफोनवाल्या इंजिनिअरांच्याच हातची होती. त्यामुळे जॅकही त्यांच्याबरोबर आला. स्टुडिओत भोकांची एक पट्टी असते, तिला पॅच बे म्हणतात. कुठला माइक कुठल्या मिक्सरला, मिक्सर कुठल्या टेपला, हे सगळं तिथे वायरी खुपसून ठरतं. इलेक्ट्रिक गिटारला आजही लागते ती पाव इंची पिन त्याच एक्स्चेंजची. ट्रान्झिस्टर रेडिओच्या जमान्यात तिचं साडेतीन मिलिमीटरचं पिल्लू निघालं, ते तुमच्या लॅपटॉपवर आहे.

आता या वायरीचे तीन गुण बघा. पहिला, वाटणी. दहा ठिकाणचे आवाज मिक्सरमध्ये आणा, तिथून चार ठिकाणी पाठवा, कोणी कोणाचा रस्ता अडवत नाही. दुसरा, वेळ. या टोकाला गेलेला आवाज त्याच क्षणी त्या टोकाला. तिसरा गुण इतका उघड आहे की कोणी मोजतच नाही: परवानगी. वायर कोणाला विचारत नाही. ज्याच्या हातात वायर, त्याचा निर्णय.

आवाज संगणकाच्या आत गेला आणि हे तीनही गुण हातातून गेले. ते एकेक करून परत मिळवणं म्हणजेच या विषयाचा इतिहास.

पहिली वाटणी. १९८९ मध्ये सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीने साऊंड ब्लास्टर नावाचं कार्ड काढलं आणि घरोघरच्या पीसीला कंठ फुटला. तो काळ डॉसचा. एका वेळी एकच प्रोग्रॅम चालायचा, त्यामुळे वाटणीचा प्रश्नच नव्हता. सुरुवातीच्या कार्डांना वाजवणं आणि रेकॉर्ड करणं एकाच वेळी जमायचंही नाही. मग आल्या अनेक प्रोग्रॅम एकदम चालवणाऱ्या सिस्टिम, आणि पंचाईत झाली. १९९२ मध्ये हान्नू सावोलाइनेन या फिनलंडच्या माणसाने लिनक्ससाठी साऊंड ड्रायव्हर लिहिला. त्यात साऊंड कार्ड म्हणजे एक फाईल. एका प्रोग्रॅमने ती उघडली की बऱ्याच कार्डांवर दुसऱ्याला उत्तर मिळायचं, "डिव्हाइस बिझी". चाळीतल्या एकुलत्या एक संडासासारखं. आत कोणी असेल तर डबा घेऊन बाहेर उभे रहा.

यावर उपाय म्हणून मधे एक मध्यस्थ बसवला गेला. सगळे प्रोग्रॅम त्याला आवाज देणार, तो मिसळून कार्डाला देणार. लिनक्सवर ग्नोमवाल्यांचा एक मध्यस्थ, केडीईवाल्यांचा दुसरा. विंडोज ९८ च्या सुमारास मायक्रोसॉफ्टने असा मिक्सर थेट कर्नलमध्येच घातला. वाटणी सुटली. पण लक्षात घ्या, हे सगळे मध्यस्थ आवाज मुख्यतः बाहेर, स्पीकरकडे न्यायचे. एका प्रोग्रॅममधून दुसऱ्यात आवाज न्यायचा हे त्यांचं कामच नव्हतं.

मग लोक काय करायचे? शुद्ध देशी जुगाड. (देशी म्हणतोय खरा, पण जगभर हेच चालायचं.) पीसीच्या मागे हिरवं, निळं आणि गुलाबी अशी तीन भोकं असायची. लॅमिंग्टन रोडवरून किंवा पुण्यात तपकीर गल्लीतून दोन्ही टोकांना पिन असलेली वायर आणायची. एक टोक हिरव्यात, म्हणजे आवाज बाहेर. दुसरं निळ्यात, म्हणजे आवाज आत. एकाच मशीनच्या पाठीत दोन्ही टोकं! आकड्यांचा आवाज वायरीपुरता विजेचा व्हायचा आणि पुन्हा आकड्यांत जायचा. प्रत्येक फेरीत थोडी खरखर चिकटायची, पण काम व्हायचं. न्यू हेवनच्या ऑपरेटरने पाहिलं असतं तर तिला काही नवीन वाटलं नसतं.

पुढे ही वायर कार्डाच्या आतच आली. इंटेलने १९९७ मध्ये एसी-९७ नावाचं ऑडिओचं मानक काढलं. त्यात रेकॉर्डिंग कुठून करायचं याच्या यादीत माइक, लाइन-इन यांच्याबरोबर "स्टिरिओ मिक्स" असाही पर्याय होता, म्हणजे स्पीकरला जे चाललंय तेच रेकॉर्ड करा. सोय मोठी, पण सरसकट. गाणं, ईमेलची टिंगटिंग आणि मेसेंजरचं ठकठक, सगळं एकाच भांड्यात. गाळून एकच गोष्ट घ्यायची सोय नाही.

आता दुसरा गुण, वेळ. इथे थोडा हिशोब आहे, पण तुम्हाला जमेल.

संगणक आवाजाचे सेकंदाला समजा ४८,००० नमुने घेतो. एकेक नमुना हाताळणं परवडत नाही, म्हणून तो गठ्ठे करतो. १,०२४ नमुन्यांचा गठ्ठा भरायला सुमारे २१ मिलिसेकंद लागतात. मधे दोन-तीन मध्यस्थ असले आणि प्रत्येकाने आपला गठ्ठा भरेपर्यंत वाट पाहिली, तर उशीर ६०-७० मिलिसेकंदांवर जातो. सिनेमा बघताना हे कळणारही नाही. पण हेडफोनमध्ये तबला ऐकत गाणाऱ्याला विचारा. सम कधी आली आणि मी कुठे आलो! गठ्ठा २५६ नमुन्यांचा केला तर उशीर ५ मिलिसेकंदांच्या आसपास. एवढ्या वेळात हवेतून आवाज जेमतेम सहा फूट जातो, म्हणजे तबलजी समोर बसल्यासारखंच. पण गठ्ठा लहान केला की कामाची मुदतही लहान होते. पाच मिलिसेकंदांत सगळ्यांचं काम झालं पाहिजे. एकाने जरी उशीर केला, तरी रेकॉर्डिंगमध्ये टक् असा आवाज कायमचा बसतो.

विंडोजच्या कर्नलमधला तो मिक्सर सुमारे ३० मिलिसेकंद खायचा. म्हणून जर्मनीच्या स्टाइनबर्ग कंपनीने १९९७ मध्ये एएसआयओ काढलं. मध्यस्थाला बगल देऊन थेट कार्डाशी बोलायचं. वेळ वाचला, पण बहुतेक ड्रायव्हरांवर पुन्हा एकच प्रोग्रॅम. आलो परत चाळीत. १९९८ मध्ये स्वीडनच्या प्रोपेलरहेडने स्टाइनबर्गबरोबर रीवायर काढलं. दोन संगीताचे प्रोग्रॅम एकमेकांना ताल न चुकवता आवाज देऊ शकत. सुंदर काम होतं. पण ही वायर कंपनीची होती. दोन्ही प्रोग्रॅमांनी तिची भाषा शिकलेली असेल तरच जोड. आणि २०२० च्या अखेरीस कंपनीने तिचा आधार काढून घेतला. तांब्याच्या वायरीला कोणी असं निवृत्त करू शकत नाही.

याच काळात लिनक्सच्या जगात पॉल डेव्हिस नावाचा प्रोग्रॅमर आर्डर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर लिहीत होता. हा माणूस अ‍ॅमेझॉनच्या अगदी पहिल्या दोन प्रोग्रॅमरांपैकी एक. ते सोडून तो आवाजाच्या मागे लागला. २००२ च्या सुमारास त्याच्या पुढाकाराने एक नवा मध्यस्थ तयार झाला आणि त्याचं नाव ठेवलं जॅक. टेलिफोनचं भोक शंभर-सव्वाशे वर्षांनी सॉफ्टवेअर होऊन परत आलं!

जॅकची गंमत दोन गोष्टींत आहे. एक, वेळेचा कारभार त्याने स्वतःकडे घेतला. प्रोग्रॅमांनी आपापल्या सवडीने आवाज ढकलायचा नाही. कार्डाचा ठोका पडला की जॅक एकेकाला हाक मारणार, तुझा गठ्ठा आण. सगळ्यांचं काम त्याच ठोक्यात. त्यामुळे पाच प्रोग्रॅम साखळीत जोडले तरी उशीर सहसा पाचपट होत नाही. दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. जॅकमध्ये प्रोग्रॅम फक्त आपली भोकं जाहीर करतो: माझ्याकडून आवाज इथून निघतो, माझ्यात इथून येतो. कोण कोणाला जोडायचं हे वापरणारा ठरवतो. पडद्यावर डावीकडे नावं, उजवीकडे नावं, मधे माऊसने ओढलेल्या रेघा. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने ज्याची कल्पनाही केली नसेल अशी जोडणी तुम्ही करू शकता.

वाटणी परत आली, वेळही परत आला. तांत्रिक कोडं इथे जवळजवळ सुटलं होतं. मग २००२ नंतरही आपले रविवार का जात राहिले?

कारण तिसरा गुण. परवानगी.

साधारण याच सुमारास सिनेमा आणि संगीताच्या कंपन्यांना घाम फुटला होता. संगणकात वाजणारा आवाज जर सहज वळवता येत असेल तर गाण्याला कुलूप लावून उपयोग काय? मायक्रोसॉफ्टची व्हिस्टा कंपन्यांसाठी नोव्हेंबर २००६ मध्ये आणि घरगुती गिऱ्हाइकांसाठी जानेवारी २००७ मध्ये आली. तिच्यात आवाजाची व्यवस्था नव्याने लिहिली होती. गंमत म्हणजे या नव्या व्यवस्थेत लूपबॅकची, म्हणजे वाजणारा आवाज परत पकडायची, सोय मुळातच होती. पण ती प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांसाठी. त्याच व्यवस्थेत संरक्षित आवाजासाठी वेगळी बंद वाटही होती आणि विश्वासू ठरवलेल्या ड्रायव्हरने असा आवाज लूपबॅकला द्यायचा नाही असा नियम होता. आणि तुमच्या-माझ्यासाठी? बंद असलेली उपकरणं यादीत दिसेनाशी झाली. कित्येक लॅपटॉपांच्या ड्रायव्हरमधून स्टिरिओ मिक्स गायबच झालं. म्हणजे वायर होती, पण तिचं टोक कोणाच्या हाती द्यायचं हे तिसराच कोणीतरी ठरवत होता.

मॅकवाल्यांची तऱ्हा निराळी. २००४ मध्ये सायकलिंग सेव्हंटीफोर या कंपनीने साऊंडफ्लॉवर नावाचं चकटफू सॉफ्टवेअर दिलं. मॅकला खोटं साऊंड कार्ड दाखवायचं आणि त्यात टाकलेला आवाज दुसऱ्या बाजूने काढायचा. वर्षानुवर्षं लोकांनी यावर पॉडकास्ट केले. पण ते कर्नलमध्ये घुसून चालायचं, आणि पुढे अ‍ॅपलने सुरक्षेसाठी कर्नलचे दरवाजे एकेक करून लावून घेतले. विंडोजवर व्हर्च्युअल ऑडिओ केबलसारखे प्रोग्रॅम हेच काम करत होते. थोडक्यात काय, मोठ्यांनी न दिलेली वायर बाहेरची एकटीदुकटी माणसं पुरवत होती.

याचं मोल मला २०२० च्या लॉकडाऊनमध्ये कळलं. माझी मावशी मिरजेला गाणं शिकवते. तंबोऱ्यांच्या गावातली गाणारी! शिकवण्या एका रात्रीत व्हिडिओ कॉलवर आल्या. तिने लॅपटॉपवर तानपुऱ्याचं अ‍ॅप लावलं, कॉल सुरू केला, आणि पलीकडच्या पोरींना तानपुरा ऐकूच येईना. सुरुवातीला दोन सेकंद यायचा, मग विरून जायचा. कारण सोपं होतं. कॉलचं सॉफ्टवेअर गोंगाट काढतं. पंख्याची घरघर काढायची तर जो आवाज एकसारखा, न थांबता येतो त्याला गोंगाट मानायचं. आता एकसारखा, न थांबता येणं हेच तर तानपुऱ्याचं काम! शिवाय स्पीकरमधून निघून माइकमध्ये शिरलेला प्रत्येक आवाज प्रतिध्वनी म्हणून कापला जायचा.

"तंबोऱ्याला गोंगाट म्हणतंय होय रे तुझं मशीन?" मावशीने फोनवर विचारलं. माझं मशीन नव्हतं, पण धंदा माझा, त्यामुळे शिव्याही मलाच.

शेवटी तिच्या लॅपटॉपवर एक आभासी केबल टाकली. तानपुरा स्पीकरमधून हवेत न जाता आतूनच मिक्सरमध्ये, तिचा माइक त्याच मिक्सरमध्ये, तिथून एक फाटा कॉलला, गोंगाट काढणं बंद करून. दुसरा फाटा रेकॉर्डिंगला. फोनवर सांगून हे करायला दोन संध्याकाळी गेल्या. पण तानपुरा पलीकडे पोचला. रेकॉर्डिंग होणार हे मावशी पोरींना आधी सांगायची. त्या वर्षीच्या भूप आणि यमनच्या तालमी तिच्याकडे आजही आहेत आणि पोरी त्यावर रियाज करतात. यात कोणाचं गाणं चोरलं नव्हतं. स्वतःचा गळा, स्वतःचा लॅपटॉप, स्वतःच्या शिष्या. तरी वायर उसनी आणावी लागली.

आता तुम्ही म्हणाल, मग सगळे दरवाजे सताड उघडे ठेवावेत का? इतकं सोपं नाही. संगणकातला कुठलाही प्रोग्रॅम दुसऱ्या कुठल्याही प्रोग्रॅमचा आवाज ऐकू शकत असेल, तर चकटफू उतरवलेला एखादा खेळ तुमचा डॉक्टरबरोबरचा कॉलही ऐकू शकेल. जुन्या एक्स्चेंजमधल्या ऑपरेटरलाही बोलणं ऐकता यायचंच की! तेव्हा कुलूप हवं. प्रश्न एवढाच आहे की किल्ली कोणाकडे हवी.

अलीकडच्या वर्षांत वारं जरा बरं वाहतंय. लिनक्सवर बरीच वर्षं दोन संसार होते. सामान्यांसाठी लेनार्ट पोएटरिंगचं पल्सऑडिओ, जे फेडोरामध्ये २००७ ला आणि उबुंटूमध्ये २००८ ला आलं (तेव्हाच्या लिनक्सवाल्यांनी त्याला घातलेल्या शिव्यांचा वेगळा लेख होईल). आणि संगीतवाल्यांसाठी जॅक. दोघांचं एकाच कार्डावरून भांडण. विम टायमन्सने व्हिडिओसाठी सुरू केलेल्या पाइपवायरने दोघांनाही पोटात घेतलं. एप्रिल २०२१ च्या फेडोरा ३४ मध्ये ते आवाजासाठी मुक्रर झालं, नोव्हेंबर २०२३ मध्ये त्याची १.० आवृत्ती आली. आज ज्या लिनक्सवर ते आहे तिथे ब्राउझरपासून आर्डरपर्यंत प्रत्येकाची भोकं एकाच नकाशावर दिसतात. विंडोजवर ओबीएसच्या २०२२ मधल्या २८ व्या आवृत्तीपासून एकाच प्रोग्रॅमचा आवाज वेगळा पकडता येतो. अ‍ॅपलनेही २०२३ च्या अखेरीस मॅकमध्ये दुसऱ्या प्रोग्रॅमचा आवाज घ्यायची अधिकृत वाट दिली, आणि तिच्या तोंडाशी वापरणाऱ्याला परवानगी विचारणारी पाटी लावली.

ती पाटी मला पटते. विचारायचंच असेल तर ज्याचं मशीन आहे त्याला विचारा. "हा प्रोग्रॅम त्या प्रोग्रॅमचा आवाज घेऊ का म्हणतोय, चालेल का?" हो किंवा नाही मी सांगेन. चित्रपट कंपनीने किंवा लॅपटॉप बनवणाऱ्याने माझ्या वतीने आधीच उत्तर देऊन ठेवलेलं असतं, तेव्हा ती सुरक्षा उरत नाही, ती त्यांची सोय होते.

या विकांताला वेळ असेल तर एक करा. विंडोजवर असाल तर साऊंडच्या सेटिंगमध्ये रेकॉर्डिंगची यादी उघडा, राइट क्लिक करून बंद असलेली उपकरणं दाखवायला सांगा आणि स्टिरिओ मिक्स दिसतंय का बघा. मॅकवर परवानग्यांच्या यादीत आवाज आणि स्क्रीन टिपायची मुभा कोणाकोणाला दिली आहे ते वाचा. लिनक्सवर असाल तर क्यूपीडब्ल्यूग्राफ टाका आणि रेघा ओढून बघा. पाच मिनिटांचं काम आहे. आपल्या मशीनमध्ये कुठल्या वायरी आहेत आणि त्यांचं टोक कोणाच्या हातात आहे, एवढं तरी कळेल.